मोंढ्याच्या पावत्या आणि तिहेरी तुलनेचे जेनेरिक फंक्शन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लातूरच्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी तुम्ही गो भाषेत हिशेबाची प्रणाली लिहीत आहात. पावत्या कधी भावाने, कधी ओलाव्याने, कधी शेतकऱ्याच्या नावाने, तर कधी वेळेने लावाव्या लागतात, आणि आजवर प्रत्येक ठिकाणी ‘अ वजा ब’ असे एका ओळीचे फंक्शन लिहून तुम्ही काम भागवले आहे. आता त्या सगळ्यांच्या जागी, कोणत्याही टाइपला (संख्या, मजकूर अशा माहितीच्या प्रकाराला) चालेल आणि लहान, समान, मोठे यांसाठी अनुक्रमे −१, ०, १ देईल असे एकच जेनेरिक फंक्शन तुम्हाला हवे आहे. शिवाय ‘लहान आहे का’ एवढ्याच होय-नाही उत्तरावर सॉर्ट (यादी क्रमाने लावणे) होत असताना हे तिसरे उत्तर कशासाठी, असेही तुम्ही विचारले आहे.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. नुसत्या सॉर्टसाठी ‘लहान आहे का’ पुरते, हे खरे. परंतु तुमची पावती ही एक संख्या नाही, अनेक रकान्यांची रचना आहे. आधी जिन्नस, जिन्नस सारखी असेल तर भाव, भावही सारखा असेल तर पावती क्रमांक, अशा तुलनेत ‘सारखी असेल तर’ हे प्रत्येक पायरीला विचारावे लागते, आणि ज्या फंक्शनला फक्त ‘लहान आहे का’ एवढेच कळते त्याच्याकडून समानता काढायची तर त्याला दोनदा बोलवावे लागते: अ हा ब पेक्षा लहान नाही आणि ब हा अ पेक्षा लहान नाही, म्हणून दोन्ही सारखे. एका पातळीवर हा दुप्पट खर्च सोसतो. पण रचनेच्या पहिल्या रकान्यात दुसरी रचना, तिच्या पहिल्या रकान्यात तिसरी, अशी गुंतवण झाली की प्रत्येक पातळीवर दुप्पट होत जाते, आणि दहा पातळ्या खोल असलेल्या दोन सारख्या वस्तू ताडण्यासाठी तळाशी १०२४ तुलना होतात. तिहेरी फंक्शन तेच काम प्रत्येक पातळीवर एकदाच करते. बायनरी ट्रीमध्ये शोध घेतानाही डावीकडे, उजवीकडे की सापडले, असा तिहेरीच निर्णय असतो.

ही कल्पना जुनी आहे. १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जी फोर्ट्रान आली, तिच्यातला ‘इफ’ मुळी दोन वाटांचा नव्हताच. राशी ऋण, शून्य की धन हे पाहून तो तीन निरनिराळ्या ओळींपैकी एकीवर उडी घेत असे. सी भाषेतले दोन मजकूर ताडणारे ‘स्ट्रकम्प’ आणि सॉर्ट करणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ला द्यायचे फंक्शन त्याच पठडीतले. पर्लने त्यासाठी <=> हे चिन्ह रूढ केले, रुबीने ते उचलले, पीएचपीत ते २०१५ च्या सातव्या आवृत्तीत आले आणि सी++ मध्ये २०२० च्या मानकात. पायथॉन मात्र उलट दिशेने गेली. २००८ च्या ३.० आवृत्तीत तिने ‘सीएमपी’ हे तिहेरी तुलनेचे फंक्शन काढून टाकले आणि सॉर्टला ‘की’, म्हणजे ज्यावरून क्रम लावायचा ती किंमत, द्या असे सांगितले. पुढे जुन्या पद्धतीच्या तुलनेला कीमध्ये बदलून देणारे साधनही तिला पुरवावे लागले. मला या बाबतीत पायथॉनचा निर्णय अर्धाच पटतो. की देता येते तेव्हा की उत्तमच, पण काही क्रम असे असतात की ते कीमध्ये बसवताना जीव मेटाकुटीला येतो.

आता वजाबाकी. ‘अ वजा ब’ हे दिसायला सुटसुटीत आहे, आणि एक सवलत प्रामाणिकपणे दिली पाहिजे: दोन्ही संख्या चिन्हांकित (ऋणही चालणाऱ्या) इंटिजर, म्हणजे पूर्णांक, असतील, दोन्ही शून्य किंवा त्याहून मोठ्या असतील आणि उत्तर त्याच रुंदीत ठेवले, तर वजाबाकी कधीच ओव्हरफ्लो होत नाही, म्हणजे उत्तर न मावण्याची वेळ येत नाही. पैशांत मांडलेल्या भावांवर तुमचे फंक्शन आजवर चालले ते यामुळे. पण हे जेनेरिक करायला जाल तेव्हा यातली एकही अट तुमच्या हातात राहत नाही. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये दोन अब्जातून उणे दोन अब्ज वजा केले तर ४,००,००,००,००० यायला हवेत. ते मावत नाहीत म्हणून −२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे मोठी संख्या लहान ठरते. चिन्हविरहित इंटिजरची वजाबाकी तर ऋण होतच नाही, त्यामुळे तिथे ‘लहान’ हे उत्तरच नाहीसे होते. अपूर्णांकांचा फरक इंटिजरमध्ये बदलला की ४८९२.५० आणि ४८९२.२५ हे भाव ‘समान’ होतात, कारण पाव रुपयाचा शून्य होतो. स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, वजाबाकी नाहीच.

मी स्वतः या खड्ड्यात पडलो आहे. काही वर्षांपूर्वी सोयाबीन खरेदीच्या एका प्रणालीत मी जावामध्ये पावत्या वेळेने लावल्या होत्या. वेळ मिलिसेकंदांत, ६४ बिटांत होती. जावाच्या कम्पॅरेटरला (तुलना करणाऱ्या फंक्शनला) ३२ बिटांचा इंटिजर परत द्यावा लागतो. म्हणून मी दोन वेळांची वजाबाकी केली आणि ती कापून इंटिजरमध्ये बसवली. चाचणीत आठवड्याभराच्या पावत्या होत्या, सगळे सुरळीत. दसऱ्यानंतर आवक वाढली, महिना उलटला आणि याद्या विस्कटू लागल्या. ३२ बिटांच्या चिन्हांकित इंटिजरमध्ये मिलिसेकंदांचे २४ दिवस, २० तास आणि ३१ मिनिटे एवढेच मावतात. त्यापुढचा फरक चिन्ह उलटवतो. १ ऑक्टोबरची पावती २१ ऑक्टोबरच्या आधीची, २१ ऑक्टोबरची १० नोव्हेंबरच्या आधीची, इथपर्यंत उत्तर बरोबर. पण १ ऑक्टोबर आणि १० नोव्हेंबर यांच्यातला चाळीस दिवसांचा फरक −३,४५,६०,००,००० चा +८३,८९,६७,२९६ होऊन बसतो आणि १ ऑक्टोबर नंतरची ठरते. क्रमाची सरळ रेघ न राहता ती गोल फिरते. गंमत अशी की काही दिवशी यादी चुपचाप चुकायची, तर काही दिवशी जावाच ‘तुलनेच्या पद्धतीने करार मोडला’ अशा अर्थाचा अपवाद फेकायची. जावाच्या सातव्या आवृत्तीपासून वस्तूंच्या सॉर्टसाठी टिमसॉर्ट (क्रमात असलेले तुकडे एकमेकांत विलीन करत जाणारी पद्धत) वापरला जातो आणि विलीनीकरण करताना विसंगती लक्षात आली तर तो तक्रार करतो. मात्र ३२ पेक्षा कमी घटक असतील तर विलीनीकरण होतच नाही, म्हणून छोट्या चाचणीत ती तक्रार कधी ऐकू येत नाही.

असेच कापून बसवणे २०१२ साली मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींच्या अंगाशी आले. तिथे ‘मेमकम्प’ या बाइट ताडणाऱ्या फंक्शनचे उत्तर एका बाइटच्या टाइपमध्ये घेतले जात होते. ‘मेमकम्प’ ऋण, शून्य किंवा धन एवढेच वचन देते, −१२८ ते १२७ मध्येच राहण्याचे वचन देत नाही. काही यंत्रणांवर ते मोठे आकडे देई, शेवटचा बाइट शून्य आला की ‘जुळले’ असा अर्थ निघे, आणि सुमारे २५६ प्रयत्नांत एकदा चुकीच्या पासवर्डनेही आत प्रवेश मिळे. तात्पर्य म्हणून नव्हे, नियम म्हणून लक्षात ठेवा: इंटिजर परत येत असेल तर त्याचे फक्त चिन्ह वाचायचे. ‘उत्तर एक आहे का’ असे कधीच विचारायचे नाही, ‘शून्यापेक्षा मोठे आहे का’ असे विचारायचे. हास्केल, रस्ट आणि आधुनिक सी++ या भाषांनी इंटिजर काढून ‘लहान, समान, मोठे’ एवढ्याच किमतींचा वेगळा टाइप दिला आहे, आणि माझ्या मते तेच योग्य आहे, कारण त्या टाइपवर वजाबाकी करण्याचा मोहच होत नाही. गोमध्ये प्रचलित करार इंटिजरचा आहे. तुम्ही वेगळा टाइप काढलात तर मानक ग्रंथालयाशी प्रत्येक वेळी रूपांतर करत बसावे लागेल, म्हणून तुमच्या बाबतीत इंटिजरच ठेवा.

मूळ फंक्शन मग असे: अ लहान असेल तर −१, अ मोठा असेल तर १, नाहीतर ०. सीसारख्या भाषेत हेच (अ > ब) − (अ < ब) असे एका ओळीत लिहितात. तिथली वजाबाकी फक्त शून्य आणि एक यांची असल्याने निरुपद्रवी आहे. गोमध्ये मार्च २०२२ च्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक आले आणि ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये ‘सीएमपी’ पॅकेजमध्ये ‘कम्पेअर’ हे फंक्शन तयार मिळाले. त्याची अट ‘ऑर्डर्ड’ ही आहे, म्हणजे ज्यांना < हे चिन्ह लागू होते असे इंटिजर, अपूर्णांक आणि स्ट्रिंग. तेव्हा मूळ फंक्शन स्वतः लिहू नका, तेच वापरा. पण ते असे का लिहिले आहे हे समजून घ्या, कारण त्यात वरच्या तीन ओळींपेक्षा थोडे अधिक आहे, आणि ते अधिक अपूर्णांकांमुळे आहे.

सोयाबीनच्या ओलाव्याचा रकाना घ्या. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असल्याने हा रकाना भांडणाचा असतो. मीटर बिघडला किंवा मोजणी झालीच नाही, तर अनेक प्रणाली तिथे ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’ ही किंमत ठेवतात. नॅन कोणापेक्षाही लहान नाही, मोठा नाही आणि स्वतःशीही समान नाही. तीन ओळींच्या साध्या फंक्शनमध्ये त्यामुळे तो ‘नाहीतर ०’ या शेवटच्या ओळीवर येऊन पडतो आणि सगळ्यांशी समान ठरतो: ११ आणि नॅन समान, नॅन आणि १४ समान, पण ११ आणि १४ समान नाहीत. अशा उत्तरांवर कोणताही सॉर्ट बरोबर यादी देऊ शकत नाही, आणि त्रास फक्त नॅनच्या ओळींपुरता राहत नाही. शेजारच्या निरोगी पावत्याही जागा सोडतात. म्हणून नॅनला एक निश्चित जागा द्यावीच लागते. गोच्या ‘कम्पेअर’मध्ये सगळे नॅन आपसांत समान आणि इतर सर्व संख्यांपेक्षा लहान असतात. जावाच्या ‘डबल’च्या ‘कम्पेअर’मध्ये नेमके उलटे, नॅन सर्वांत मोठा. जुनी जावा प्रणाली गोमध्ये आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर यादीच्या तळाशी असलेल्या न मोजलेल्या पावत्या एका सकाळी वर आलेल्या दिसतात. रस्टने हा प्रश्न टाइपच्या पातळीवरच अडवला आहे: अपूर्णांकांना तिथे पूर्ण क्रम नाही, आंशिक क्रम आहे, आणि पूर्ण क्रम हवा असेल तर ‘टोटल-कम्प’ असे मुद्दाम लिहावे लागते. माझा स्वतःचा सल्ला त्याहून सोपा आहे. न झालेल्या मोजणीला नॅन म्हणूच नका, ‘नोंद नाही’ अशी वेगळी खूण ठेवा, आणि ती वर जाईल की खाली हे दुकानदाराला विचारा.

कोणत्याही टाइपला चालेल असे एकच फंक्शन ही तुमची मूळ अपेक्षा इथे थोडी आवरती घ्यावी लागेल. भाषांनी यासाठी तीन वाटा काढल्या आहेत. ओकॅमलमध्ये खरोखरच एक ‘कम्पेअर’ आहे जे चालू असताना वस्तूची रचना उकलून पाहते. सोयीचे आहे, पण फंक्शन हाती लागले की अपवाद फेकते, स्वतःकडे परत येणाऱ्या रचनेत संपतच नाही, आणि तुमच्या मनातला क्रम त्याला कळत नाही. हास्केल आणि रस्टमध्ये प्रत्येक टाइप आपला क्रम जाहीर करतो आणि जेनेरिक फंक्शन तेवढी अट घालते. तिसरी वाट म्हणजे तुलना करणारे फंक्शनच बाहेरून द्यायचे. पावतीसारख्या वस्तूला नैसर्गिक असा एक क्रम नसतोच, सकाळी भावाचा तर संध्याकाळी क्रमांकाचा, म्हणून तुमच्यासाठी तिसरी वाट योग्य. गोमध्ये ‘स्लाइसेस’ पॅकेजचे ‘सॉर्टफंक’ हेच मागते.

एक मोठे फंक्शन लिहिण्याऐवजी मग तीन छोटी जोडफंक्शने लिहा. पहिले: वस्तूतून रकाना काढणारे फंक्शन घेऊन त्या रकान्यावर तुलना करणारे फंक्शन परत देणारे. दुसरे: एकामागून एक तुलना करून पहिले शून्येतर उत्तर देणारे. तिसरे: क्रम उलटवणारे. दुसऱ्यासाठी गोच्या १.२२ आवृत्तीत ‘सीएमपी’चे ‘ऑर’ मिळते, पण त्याला दिलेले सगळे पर्याय आधी मोजले जातात आणि मग निवड होते, त्यामुळे नावांची महागडी तुलना त्यात टाकली तर भाव वेगळे असतानाही तिचा खर्च होतो. फंक्शनांची यादी घेऊन गरज पडेल तसे पुढे जाणारे स्वतःचे फंक्शन पाच-सहा ओळींत होते. तिसऱ्यात एक छुपा खड्डा आहे. क्रम उलटवण्यासाठी उत्तराला उणे लावू नका, अ आणि ब यांची अदलाबदल करून तुलना करा. दुसऱ्या कोणाच्या फंक्शनने इंटिजरमध्ये मावणारी सर्वांत लहान संख्या परत दिली तर तिचे उणे पुन्हा तीच असते आणि क्रम उलटतच नाही. उलटवताना आणखी एक होते: ‘नोंद नाही’ तळाशी ठेवणारा क्रम सगळाच उलटवला तर ‘नोंद नाही’ही वर येते. आधी भावाचा क्रम उलटवा, मग त्यावर ‘नोंद नसलेले खाली’ हे आवरण चढवा.

शेतकऱ्यांच्या आणि गावांच्या नावांना ‘कम्पेअर’ लावू नका, ते बाइटप्रमाणे पाहते. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांत) ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे परळी ही परसोड्याच्या आधी लागते, खरे तर नंतर लागायला हवी. ज्ञ हा ज, हलन्त आणि ञ असा तीन खुणांचा असल्याने ज्ञानेश्वर हे नाव तुकारामाच्या आधी जाऊन ज च्या रांगेत बसते. ‘ॲड.’ मधला ॲ एका खुणेनेही लिहिलेला सापडतो आणि अ अधिक चंद्र अशा दोन खुणांनीही, म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे वेगळी ठरतात. ही एकरूपता सॉर्टच्या आधी, नोंद घेतानाच करावी. वर्णक्रमासाठी गोच्या पूरक भांडारातले ‘कोलेट’ पॅकेज मराठीसाठी चालवून पाहा आणि परसोडा, परळी, ज्ञानेश्वर, तुकाराम ही चारच नावे देऊन ते तुम्हाला हवे तसे वागते का ते तपासा. गट नंबरचेही असेच: स्ट्रिंग म्हणून ‘११२’ हा ‘९’ च्या आधी येतो, म्हणून ‘११२/१/अ’ चे तुकडे पाडून आकडे आकड्यांसारखे ताडावे लागतात.

शून्य या उत्तराचा अर्थ ‘या क्रमात जागा एकच’ एवढाच आहे, ‘वस्तू एकच’ असा नाही. जावाच्या ‘बिगडेसिमल’मध्ये २.० आणि २.०० तुलनेला समान आहेत पण ‘इक्वल्स’ला नाहीत, म्हणून ‘इक्वल्स’ पाहणाऱ्या हॅशसेटमध्ये त्या दोन नोंदी राहतात आणि तुलना पाहणाऱ्या ट्रीसेटमध्ये एक. केवळ भावाची तुलना देऊन पावत्यांचा क्रमबद्ध संच बांधलात, तर त्याच भावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याची पावती मुकाट्याने गळेल. यावर उपाय म्हणजे साखळीच्या शेवटी नेहमी पावती क्रमांक ठेवणे. त्याने आणखी एक गोष्ट साधते: ‘सॉर्टफंक’ समान घटकांचा मूळ क्रम राखण्याची हमी देत नाही (ती ‘सॉर्टस्टेबलफंक’ देते), पण क्रमांक शेवटी असेल तर समान असे काही उरतच नाही.

चाचणी लिहिताना अपेक्षित यादी लिहून ताडण्यात वेळ घालवू नका, करार तपासा. अडचणीच्या चाळीसेक किमती जमवा: शून्य, सर्वांत लहान, सर्वांत मोठी, नॅन, ‘नोंद नाही’, रिकामे नाव, महिनाभराच्या अंतराच्या दोन वेळा. प्रत्येक जोडीला उलटसुलट तुलनेची चिन्हे विरुद्ध येतात का, आणि प्रत्येक त्रिकुटाला अ ≤ ब, ब ≤ क असताना अ ≤ क येते का, हे पाहा. चाळीस किमतींची ६४,००० त्रिकुटे होतात. ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून होतात. माझी सोयाबीनची चूक यात पहिल्याच दिवशी सापडली असती.

वेगाची चिंता तुम्ही शेवटी लिहिली आहे. फंक्शन बाहेरून दिल्याने प्रत्येक तुलनेला एक कॉल वाढतो, हे खरे, तरीही ‘सॉर्टफंक’ हे जुन्या ‘सॉर्ट स्लाइस’पेक्षा बहुधा वेगवानच पडते. दहा हजार पावत्यांना साधारण १,३३,००० तुलना लागतात, आणि इंटिजरसाठी तो खर्च मोजण्यासारखाही नाही. मराठी नावांच्या वर्णक्रमाला मात्र तो जाणवेल. तिथे ‘कोलेट’कडून प्रत्येक नावाची क्रमकी (क्रम ठरवणारी बाइटांची ओळ) एकदाच, म्हणजे दहा हजार वेळा, काढून पावतीसोबत ठेवा आणि सॉर्टमध्ये त्या बाइटांचीच तुलना करा.